दोन कारिटं

"दोनच आणा हां. टोपली भरून आणू नका."

आज सकाळी बायकोनं एवढं बजावून मला बांधावर धाडलं. बांध दामू पाटलाचा, आमच्या परसाला लागून. भात निम्मं कापून झालंय, निम्मं उभं आहे. कापलेल्या भाताचा गोडसर वास आणि खाडीकडून येणारा चिखलाचा खारा वास एकमेकांत मिसळले की आमच्याकडे दिवाळी आली असं समजायचं, कॅलेंडर बघायची गरज नाही. बांधाच्या कडेला गवतात कारिटांचे वेल पसरलेत आणि त्यांना यंदा अशी फळं लागलीत, अशी फळं लागलीत, की...

जाऊ दे. भरपूर लागलीत.

ज्यांनी कारीट पाहिलं नाही त्यांना सांगतो. लिंबाएवढं फळ, अंगावर हिरवे-पांढरे पट्टे, दिसायला इतकं गोंडस की लहान मूल हमखास तोंडात घालणार. आणि कडू म्हणजे किती कडू? आगरदांड्याच्या धक्क्यावर एका कावळ्यानं एकदा कारिटाला चोच मारली. त्या कावळ्याची नातवंडं अजून धक्क्यावर बसून तोंडं वाकडी करतात. हे फळ देवानं कुणाशी तरी भांडण झाल्यावर केलेलं असणार. वर्षभर त्याला कुणी विचारत नाही. फक्त नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं ते फोडायचं, "गोविंदा" म्हणून ओरडायचं, त्याचा रस बोटानं जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचं. कारीट म्हणजे नरकासुर. माणशी एक. नवरा-बायकोत भागीदारी चालत नाही, बाळंतिणीच्या कुशीतल्या बाळाचंसुद्धा वेगळं. त्यामुळे घरात माणसं किती, हे कुणाला विचारायला नको. चतुर्दशीला तुळशीपुढे किती फुटली ते बघावं.

माझ्या लहानपणी आमच्या तुळशीपुढे अकरा फुटत. आवाज असा व्हायचा की पलीकडे दिघीत लोक फटाके समजून दारं उघडायचे.

आज मी दोन तोडली आणि शर्टाच्या खिशात टाकली. खिसा फुगलासुद्धा नाही.

*

मी एकतीस वर्षं आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या लाँचची तिकिटं फाडली. लाँच ओहोटीला अडायची, वाऱ्याला अडायची, आणि ती हाकणाऱ्या तांडेलाचा चहा व्हायचा असला तर चहालाही अडायची. उतारू धक्क्यावर ताटकळत बसलेले, समोर पाणी, मागे भजीची गाडी आणि मधे मी. मी बोललो नसतो तर ते पाप माझ्याच माथी बसलं असतं. त्यामुळे मी बोललो. दोन माणसांना धरायला लागेल असं पापलेट बोललो. सकाळच्या फेरीला लाँचच्या पुढे पोहत येणारा आणि रविवारची सुट्टी घेणारा डॉल्फिन बोललो. मुंबईहून आलेली एक बाई त्या डॉल्फिनसाठी रविवार टाळून पुन्हा आली होती.

बायको गावच्या प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका. म्हणजे गाव तिला बाई म्हणतं आणि मला मास्तर. परका माणूस आला की आम्हा दोघांनाही शाळेतले समजतो. मी कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही, तिनं मात्र प्रत्येक वेळी केला. "हे तिकिटांचे मास्तर." ती खोटं बोलत नाही. म्हणजे ठरवून बोलत नाही असं नाही, तिला ते जमतच नाही, जसं काही माणसांना शिटी वाजवता येत नाही. मी धक्क्यावरचं पापलेट घरी आणून सांगायला लागलो की ती तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणायची, "वीतभर होतं."

हेमंत, आमचा एकुलता एक मुलगा, या दोघांच्या मधे वाढला. तो सात वर्षांचा असताना मी त्याला चतुर्दशीच्या पहाटे उटणं लावता लावता सांगितलं, की नरकासुर दर वर्षी दिघीहून पहिल्या लाँचनं येतो. काळाकभिन्न, डोक्याला शिंगं, मिशीचे आकडे वाऱ्यावर हलतायत. मी त्याला अडवलं. म्हटलं, तिकीट? तो म्हणाला, मी नरकासुर आहे. म्हटलं, असशील, उतारू असो नाहीतर असुर, तिकिटाशिवाय धक्का ओलांडायचा नाही. तेव्हा तो घाबरला, आणि लपायला जागा नाही म्हणून बांधावरच्या कारिटांत शिरला. म्हणून बेट्या, आपण कारीट फोडतो.

पोरगं खूश. सुट्टी संपल्यावर शाळेत बाईंनी, म्हणजे त्याच्या आईनंच, विचारलं की नरकचतुर्दशी का साजरी करतात. हा उभा राहिला आणि त्यानं मिशीच्या आकड्यांसकट सगळं सांगितलं. तिनं पोटच्या पोराला अख्खा तास बाकावर उभं केलं.

दुपारी घरी आली ती मला म्हणाली, "तो रडला नाही. सगळी मुलं हसत होती, त्यांच्याकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी त्याला सांगा, की तुम्ही खोटं बोललात."

मी सांगितलं नाही. मी त्याला सांगितलं की आईचं आणि नरकासुराचं लांबचं नातं लागतं. तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून तो माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवेनासा झाला आणि हसायला लागला. मला तेव्हा तो सौदा फायद्याचा वाटला होता.

*

आमच्या घराण्याचा गणपती पेणला थोरल्या घरी बसतो, तेव्हा सगळे तिकडे जातात. आमच्या वाट्याला आली ती दिवाळी. आणि दिवाळीत आमचं गाव म्हणजे कुलपांचं प्रदर्शन. ओळीनं सात घरं, सातही घरांना कुलपं, माणसं मुंबईला आणि पनवेलला. रस्त्यावरून मात्र गाड्यांची रीघ. मुरुडला निघालेले पर्यटक, काचा खाली, गाणी वर. आमच्या कुंपणाशी थांबून ते विचारतात, "काका, किल्ला किती लांब?" मी पूर्वी त्यांना किल्ल्यातला भुयारी रस्ता थेट आमच्या विहिरीत निघतो असं सांगायचो. तेवढीच पाच मिनिटं कुणीतरी अंगणात उभं राहायचं.

हेमंत कामोठ्याला राहतो. सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला इथे पोचेल. परदेशात असता तर लांबचं म्हणून सांगता आलं असतं. दुपारच्या जेवणाइतकं अंतर कुणाला समजावून सांगणार?

पहिली दोन-तीन वर्षं आला. मग मुलीची परीक्षा, मग सूनबाईंच्या माहेरचं, मग सुट्टी कमी. फोन मात्र दर रविवारी. आणि फोनवर मी धक्क्यावर असतो तसा असायचो.

"बाबा, कसं चाललंय?"

"अरे काय विचारतोस! काल ओटीवर चाळीस पानं उठली. रोज कोण ना कोण येतंच. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"आणि आई?"

"तुझी आई? नारळाच्या झाडावर चढायची तेवढी राहिली आहे."

तो हसायचा. त्याचं हसणं ऐकायला मी आठवडाभर गोष्टी जमवत असे. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. आपलं घर रिकामं आहे, असं पोटच्या पोराला सांगणं म्हणजे त्याच्या दारात हात पसरून उभं राहणं. तिकिटं फाडणाऱ्या माणसाला ते जमत नाही. म्हणून मी घर भरत गेलो. एकदा तर सत्तर माणसं जेवायला घातली, त्या दिवशी आम्ही दोघांनी सकाळचा भात फोडणीला टाकला होता.

माणूस पुरावा मांडत असतो आणि तो आपल्याच विरुद्ध जातोय हे त्याला कळत नाही. एका रविवारी हेमंत म्हणाला, "बाबा, तुमची तर मजाच आहे. एवढ्या माणसांत आम्ही येऊन आणखी गर्दी कशाला?"

मी म्हटलं, "हो, तेही आहेच."

*

तर मागची दिवाळी.

त्या पावसाळ्यात बायको दहा दिवस तापानं निजून होती. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. मीठ, साखर, तिखट, सगळं तिला सारखं. वास तर त्याहून नाही. माडाखाली सुके बोंबील पडलेले असताना ती त्यांच्याशेजारी बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचायची. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुणाची परत येते, कुणाची नाही. ती घरी आली, पदर खोचला आणि म्हणाली, "हात शाबूत आहेत. अंदाज आहे. जीभ तुमची." मला चव घ्यायच्या कामावर नेमलं, असा त्याचा अर्थ.

हेमंतला मी फोनवर सांगितलं, आईला जरा सर्दी झाली होती.

दसऱ्याला मी त्याला विचारलं, दिवाळीला येताय ना? तो म्हणाला, "बघतो." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "येतोय." आपल्या भाषेत 'बघतो' म्हणजे 'नाही', हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. पण ती चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती, आणि मला धक्क्यावरची ती सगळी वाट बघणारी माणसं आठवली. लाँच येत नाही, असं त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं. "निघालीय दिघीहून" हेच सांगत आलो.

मग ती सुटलीच. त्याआधीची दोन-तीन वर्षं दोघांपुरता फराळ करायची, मागच्या वर्षी डबे उतरवले. भाजणीचा खमंग वास कुंपणाबाहेर जाऊन कुत्री गोळा झाली. ती चुलीपुढे बसून भाजणी परतत होती आणि मला विचारत होती, "करपली नाही ना? वास सांगा." चकली झाली, एक तुकडा माझ्या हातावर. मी चावली. तिनं मीठ दोनदा घातलं होतं. खाडीचं पाणी आटवून केलेली चकली वाटावी अशी.

"कशी आहे?"

"फर्मास! अशी चकली या किनाऱ्यावर आजपर्यंत झाली नाही." दुसरं वाक्य खोटं नव्हतं.

शंकरपाळ्यांत साखर विसरली. फर्मास. चिवडा तिखट जाळ, माझ्या कानांतून धूर. फर्मास. दर डब्याला फर्मास म्हणत गेलो, ती झाकणं लावत गेली, आणि प्रत्येक झाकणावर चिठ्ठी चिकटवत गेली, शाळेतल्या अक्षरात. 'हेमंत - चकली'. 'आर्या - शंकरपाळे (कमी तळलेले)'. आर्या म्हणजे नात, नऊ वर्षांची.

त्रयोदशीच्या आदल्या दिवशी दामू पाटील नवीन भाताचे पोहे घेऊन आला. दर वर्षी आणतो. ओटीवर बसला, चहा घेतला, ताटलीतली चकली उचलली, एक घास खाल्ला. मग जरा वेळ समुद्राकडे बघत बसला.

"काय रे दामू, बरी झालीय ना?" बायकोनं विचारलं.

"व्हय बाई, बेस हाय." त्यानं उरलेली चकली ताटलीच्या कडेला ठेवली. "पोट भरलंय. हेमंत येतोय म्हनं?"

"येतोय तर!" मी म्हटलं. "गाडी भरून येतोय. त्याचे दोन मित्रही म्हणत होते..."

दामू गेल्यावर ती ताटली उचलायला वाकली आणि तशीच थांबली. अर्धी चकली हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. दामू पाटील म्हणजे चार चकल्या खाऊन पाचवी खिशात घालणारा माणूस. तिच्याच वर्गात शिकला, तेव्हाही डबा न संपवता कधी उठला नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढे वाटी ठेवली. गूळपोहे. दामूनं आणलेल्या पोह्यांचे, वर ओलं खोबरं.

"उद्या करायचेत तसेच केलेत. चव बघा. हेमंतला आवडतात."

मी पहिला घास घेतला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांपुढे काजवे. घशात कुणीतरी कुलूप घातलं. आयुष्यात पापलेटापासून डॉल्फिनपर्यंत सगळं पचवलं, पण तो घास खाली जाईना. ती समोर पाटावर बसलेली, हात मांडीवर, तोंडी परीक्षेला बसतात तशी. मी गिळला. दुसरा घेतला, तोही गिळला. आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हटलं, "फर्मास! गुळाला काय चव आलीय यंदा!"

"त्यात गूळ नाही," ती म्हणाली. "अख्खं कारीट वाटून घातलंय."

परसात कुठेतरी माडाची झावळी पडली. 

मग तिनं विचारलं, अगदी हळू, "मग हेमंत येतोय म्हणालात, तेही असंच ना?"

माणसाला खोटं पकडलं गेल्याचं दुःख होतं असं म्हणतात. मला ते झालं नाही, त्याची सवय होती. मला दुःख झालं ते फळीवरच्या डब्यांकडे बघून. नऊ डबे, नऊ चिठ्ठ्या, आणि नऊही डब्यांत एकही घास खाण्याजोगा नाही हे माहीत असलेला सगळ्या जगात मी एकटा.

"तो काय म्हणाला होता? त्याचे शब्द सांगा."

"बघतो म्हणाला."

"बघतो," ती म्हणाली. शुद्धलेखन घालताना शब्द म्हणायची तसा. मग उठली, माझा फोन आणला, माझ्या हातात दिला. "लावा. माझ्यासमोर. आणि आज खरं सांगा. माझी चव गेली ते सांगा. घरात कुणी येत नाही ते सांगा. आम्ही दोघंच असतो, आणि तुझी वाट बघतो, एवढंच सांगा. मोठं करू नका."

मी लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, तिला ऐकू यावं म्हणून. पलीकडे गडबड, कुठल्यातरी स्टेशनचा नाहीतर विमानतळाचा भोंगा.

"बोला बाबा! हॅपी दिवाळी! आम्ही निघतोय, केरळला. लास्ट मिनिट ठरलं. रात्री सांगणारच होतो."

"हेमंत, ऐक. आईची चव गेलीय. पावसाळ्यापासून. तिला वाससुद्धा येत नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल की नाही सांगता येत नाही."

 मी पुढे म्हटलं, "आणि इथे कुणी येत नाही रे. चाळीस पानं वगैरे काही नाही. आम्ही दोघंच असतो. तुमची वाट बघत होतो."

मी आयुष्यात सलग इतकी खरी वाक्यं कधी बोललो नव्हतो. सगळी कोरडी, लहान, कुठेही पिसारा नाही. मला वाटलं होतं खऱ्या वाक्याला वजन असतं, ते आपोआप पोचतं.

तो हसायला लागला. पहिल्यांदा जरा थांबत, मग मोकळेपणी.

"बाबा, तुम्ही ना! चव गेली म्हणजे कोण घेऊन गेलं, नरकासुर? पहिल्या लाँचनं? तिकीट काढलं होतं का त्यानं?" आणि बाजूला कुणाला तरी, "अगं, आजोबांचं नवीन ऐक." मग पुन्हा फोनवर, "आईला द्या, आईला. ती सांगेल खरं काय ते."

मी फोन तिच्याकडे दिला. मला वाटलं, सुटलो. हिला खोटं बोलता येत नाही. ही दोन वाक्यांत सांगेल आणि त्याचं हसू थांबेल.

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. "हेमंत," ती म्हणाली. मग थांबली. पलीकडून आर्याचा आवाज येत होता, आजी, आम्ही हाऊसबोटमध्ये राहणार आहोत, बोटीतच झोपायचं.

"काही नाही रे," बायको म्हणाली. "बाबांचं नेहमीचं. मी बरी आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही. नीट जा. आर्याला पाण्याच्या कडेला जाऊ देऊ नका."

फोन बंद करून तिनं तो पदरानं पुसला, का कोण जाणे.

"अगं, खोटं का बोललीस?"

"तो हसला हो," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. खरं बोलल्यावर समोरचा हसला तर काय करायचं, ते पुस्तकात नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाली, "मी त्याला बाकावर उभं केलं होतं ना, तेव्हा सगळे हसत होते. विसरला नसेल तो." आणि मग वाटी उचलून मोरीत नेऊन उपडी केली.

*

चतुर्दशीच्या पहाटे आम्ही उठलो. उटणं, गरम पाणी, पणत्या, सगळं नेहमीच्या क्रमानं. तुळशीपुढे पाच कारिटं मी आधीच मांडून ठेवली होती, तीन त्यांची, दोन आमची. ती तशीच होती. मी माझं फोडलं. "गोविंदा" ओरडलो, तर समोरच्या कुलपांवरून माझाच आवाज परत आला. तिनं भिंतीला धरून डावा पाय उचलला आणि तिचं फोडलं. बोट रसात बुडवून जिभेला लावलं, आणि वाट बघत उभी राहिली. मला वाटतं, आज तरी काहीतरी लागेल अशी तिला आशा होती. कारिटाइतकं कडू तरी.

"कडू आहे का हो?" तिनं मला विचारलं.

"आहे."

"किती?"

एरवी या प्रश्नावर मी अर्धा तास घेतला असता. त्या कावळ्यापासून सुरू केलं असतं.

"खूप," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. आत जाऊन 'हेमंत - चकली' लिहिलेला डबा उघडून आणला आणि माझ्यापुढे धरला. "आणि ही?"

"खारट. खाववत नाही."

"शंकरपाळे?"

"साखरच नाही त्यात."

"मग आठ दिवस कशाला खात होतात?"

 तिनं उत्तराची वाट बघितली नाही. डबे फळीवरून उतरवले, एकेक चिठ्ठी नखानं सोडवून काढली. राहिलेली तीन कारिटं तुळशीपाशी ऊन चढेपर्यंत होती, मग त्यांना मुंग्या लागल्या. कारिटालाही मुंग्या लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. ही गोष्ट नाही, मी स्वतः पाहिलं.

*

तेव्हापासून मी घरात खरं बोलतो. आमटीत मीठ कमी. भाजीत तिखट जास्त. आज बरोबर. खरं बोलायला माझ्याकडे आता एवढाच विषय उरलाय, पण त्यात मी पक्का झालोय. ती चमच्यानं मोजून मीठ घालते आणि माझ्या तोंडाकडे बघते, शब्दांकडे नाही. फर्मास हा शब्द घरातून गेलाय.

मे महिन्यात हेमंत दोन दिवस येऊन गेला, सगळ्यांना घेऊन. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं टेबलाखाली माझा पाय दाबला. त्यानं सोलकढीची तिसरी वाटी मागून घेतली आणि म्हणाला, "आई, तुझ्या हाताची चव अजून तशीच आहे हां." ती म्हणाली, "हो रे." तिला आता खोटं बोलता येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं, कारण तिच्यावर सगळे विश्वास ठेवतात.

यंदा दसऱ्याला तो म्हणाला, "बघतो." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोच शब्द जसाच्या तसा सांगितला. ती चुलीपुढून उठली नाही. चकल्या केल्यात, दोघांपुरत्या आणि दामूच्या. उत्तम झाल्यात. खरंच झाल्यात.

बांधावरून परत येताना दामू भेटला. कापलेल्या भाताचा भारा डोक्यावर, तो तसाच थांबला.

"काय मास्तर, कारिटं आनलीव? यंदा तरी येतोय न्हवं पोरगा?"

मी खिशावर हात ठेवला. दोन कारिटं तिथं एकमेकांना घासत होती.

"न्हाय," मी म्हटलं.

दामू हलला नाही. डोक्यावर एवढं ओझं, मान अवघडलेली, घाम डोळ्यांत उतरतोय, तरी तो तोंडभर हसू धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. पुढची गोष्ट ऐकायला.